रविवार सोडून चाळीस दिवस

मी देगलूर सोडलं त्या सकाळी पप्पा एसटी स्टँडवर आले होते. पण मला पोचवायला आले असं कुणाला वाटू नये म्हणून भिंतीवरचं वेळापत्रक वाचत उभे राहिले. जन्मभर कंपाउंडरकी करून डॉक्टरांचं अक्षर वाचलेला माणूस, तरी त्या सात-आठ ओळी त्यांना गाडी हलेपर्यंत पुरल्या. मम्मीनं खिडकीतून चटणीचा डबा दिला, प्रार्थना केली आणि कंडक्टरलाही आमेन म्हणायला लावलं.

देगलूरहून लातूर, मधे उदगीर. लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात. मी मात्र तिथल्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला कायमची चालले होते आणि आमच्या चर्चची पेटी वाजवणारी मीच होते, हा माझा खरा गुन्हा. सात वर्षांची असताना पप्पांनीच मला पेटीवर बसवलं होतं. "देवाची सेवा टाकून पोरांना गणितं शिकवायला चालली," असं ते मम्मीला म्हणाले, आणि तिथून पुढं माझ्याशी अबोला. सात महिने मी फोन केला की मागून फक्त त्यांचा खोकला ऐकू यायचा. मी तेवढ्यावरून तब्येतीचा अंदाज घ्यायचे.

तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत त्यांना माहीत आहे, माणूस नव्या जागी किती पटकन वेगळं बोलायला लागतो. बॅच, टेस्ट सिरीज, डाउट. गावी रविवार म्हणजे पेटी, इथं रविवार म्हणजे आठवड्याचे कपडे. लातूरच्या चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसायचे. पेटीवर एक म्हातारे काका असत, ते गाण्याच्या अर्धी ओळ मागून यायचे. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ लागला तेव्हा घरमालकीणबाईंना मी एकदाच म्हटलं, माझा चाळीस दिवसांचा उपवास आहे. त्या बिचाऱ्या घाबरल्या. रोज साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळ्याचा कीस. मी फक्त मटण सोडलं होतं, पण ते सांगायची हिंमत होईपर्यंत माझे ड्रेस घट्ट झाले होते.

आमच्या घरी, उपवासकाळ ज्या दिवशी लागतो त्या भस्म बुधवारच्या आदल्या दिवशी पप्पा प्रत्येकाला विचारत, यंदा काय सोडणार? नियम एकच, जे सगळ्यात लाडकं तेच सोडायचं. ते स्वतः दरवर्षी चहा सोडत आणि त्याचं प्रायश्चित्त आम्ही सगळे भोगत असू. यंदा मम्मीचा हळू आवाजात फोन आला.

"तुझ्या पप्पानं यंदा राग सोडलाय, तुझ्यावरला. ईस्टरपस्तोरच हाय. मुदतीच्या आत येऊन जा."

मला सुटी फक्त रविवारची. पहिल्या गाडीनं निघाले, चर्च सुटल्यावर घरी पोचले. पप्पा दारातच खुर्ची टाकून बसले होते. मी सलाम केला. त्यांनी पेपरचं पान उलटलं आणि आत आवाज दिला, पाहुण्यांना पाणी द्या म्हणून. माझं तोंड उतरलं. मम्मीनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"अगं, आज रविवार हाय."

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. रविवार चाळीस दिवसांत धरत नाहीत. तो प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. चहा सोडलेल्या वर्षी पप्पा रविवारी सहा-सहा कप प्यायचे. नियमाचा पक्का माणूस, सहा दिवस आवरलेला राग आज हक्कानं काढत होता. मला हसू आलं. आणि या घरात वाढून मी हे विसरले, याचं खरंच वाईट वाटलं.

सोमवारी सात वाजता माझी बॅच होती, परीक्षा तोंडावर. तरी क्लासच्या सरांना फोन करून येत नाही म्हणून सांगितलं आणि संध्याकाळची गाडी जाऊ दिली.

सोमवारी सकाळी पप्पा समोर येऊन बसले. चहा घेतलास का, विचारलं. मग इकडचं तिकडचं काही नाही, सरळ मुद्द्यावर आले.

"तिकडं पेटीवर कोण बसतंय?"

मी काकांचं सांगितलं, आणि मी शेवटच्या बाकावर बसते तेही. बरं वाजवतात का, तर नाही, म्हटलं. पप्पांचा चेहरा उजळला. मग तू मागं का बसून राहिलीस, म्हणाले. तिथं मला कोण विचारतंय, असं मी म्हटल्यावर ते म्हणाले,

"मला वाटलं, पेटी सुटली म्हंजे तुझं समदंच सुटलं."

त्यांचे डोळे भरले होते. सात महिने मी ज्याला राग समजत होते ती भीती होती. मीही रडले. मम्मीनं आम्हा दोघांना उप्पीट वाढलं.

लातूरला आल्यावर मी काकांना विचारलं, पेटीवर मी बसू का. ते म्हणाले, बाई, गुडघे दुखतात, कधीची वाट बघून राहिलो. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मी पेटीवर बसले.

ईस्टरच्या सकाळी, उपासना संपताच पप्पांचा फोन आला. उपवास संपलेला, वर रविवार. मी घाबरतच उचलला. दहा मिनिटं त्यांनी मला झाडलं. इथं चर्चमध्ये मोबाईलवर गाणी लावून राहिलेत, मंडळीचा सूर कुठं, मोबाईल कुठं, आणि हे सगळं तुझ्यापायी. मी गच्चीत उभी राहून मुकाट्यानं ऐकलं. राग वेळेवर परत आला होता. अबोला आला नाही.

आता दर रविवारी असा फोन येतो. मी राहते लातूरला, इथंच राहणार. घर मात्र देगलूरला आहे, आणि ते आठवड्यातून एकदा मला फोन करून माझ्यावर रागावतं.