सुईचं वजन

"जरा थांब. अजून बसली न्हाई ती," असं म्हणत आमच्या शेजारचे काका रेकॉर्ड प्लेअरजवळ कान न्यायचे. ती म्हणजे सुई. दांड्यामागचं वजन केसभर पुढं, केसभर मागं. ऐकायला गेलेल्यांचा चहा निवायचा, गाणं काही सुरू व्हायचं नाही. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेलच.

"जड ठेवली तर रेकॉर्ड झिजती, हलकी ठेवली तर आवाज फाटतो." फाटका आवाज कानी पडला की त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं. सुईच्या दांड्यावर नाणं ठेवून गाणी वाजवणाऱ्या मंडपवाल्याशी ते कडाकडा भांडले होते, तेही सख्ख्या मेहुणीच्या लग्नात.

मग भूकंप झाला. लातुरात आमची गल्ली वाचली, पण काकूंच्या माहेरची माणसं गेली. काकू घरात पाऊल टाकेनात. अंगणात ताडपत्रीखाली चूल, तिथंच अंथरूण. थंडी पडली, खोकला जडला, तरी नाही म्हणजे नाही. काकांनी समजावलं, चिडले, एकदा माझ्यासमोर रडलेही.

एके दुपारी त्यांनी सुई अगदी हलकी केली. मला म्हणाले, "आपट पाय." मी आपटला. सुई टुणकन उडाली. मग त्यांनी काकूंना दारात बोलावलं.

"हे बघ, जमीन हलली की आधी हिला कळतंय. गाणं चालू हाय तोवर घर ठीक हाय. मी बसून हाय. तू पड जरा."

काकू भीत भीत आत आल्या, भिंतीला टेकल्या आणि थोड्या वेळानं त्यांचा डोळा लागला. गाणं भयंकर फाटत होतं. काका तोंड वाकडं न करता ऐकत राहिले. त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला.

मग रोजचंच झालं: गाणं चालू असेल तरच काकू आत झोपायच्या. पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. काकांच्या वरच्या खोल्यांत हदगाव-नायगावकडची पोरं राहायला आली. जिना दणाणला की सुई उडायची आणि काकू अंगणात पळायच्या. शेवटी काकांनी गुपचूप वजन पुढं सारून सुई जड केली. आता वर कुस्ती झाली असती तरी सुई हलली नसती.

"काका, रेकॉर्डी झिजतील की!"

"झिजू दे. ती झोपून राहिली ना?"

काका गेल्यावर काकूंना भेटायला गेलो. त्या घरातच बसल्या होत्या. आपण होऊन म्हणाल्या, "सुई उडेनाशी झाली तवाच कळलं होतं मला."

"मग तुम्ही बाहेर नाही पळालात?"

"फाटकं गाणं ऐकत हे माझ्यासाठी इतके दिवस बसले. ह्यांना एकट्याला घरात सोडून मी कुठं पळू?"