उमरेडकर भोजनालयाचा पहिला फोटो

विनोदिनीबाई उमरेडकरांना राग आला आहे हे रायपूरच्या बुढापाऱ्यात कोणाला सांगावं लागत नाही. तो ऐकू येतो. तलावाकडून गल्लीत शिरलं की आधी फोडणीचा वास येतो, मग बाईंचा आवाज, आणि सगळ्यात शेवटी 'उमरेडकर भोजनालय' ही पाटी दिसते. कोणी भात कमी घेतला तर राग, जास्त घेऊन टाकला तर त्याहून मोठा राग. पण हा त्यांचा रोजचा राग, तोंडी लावायचा. त्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही असं म्हणणारे रेल्वेतले एकटे जीव आजही त्या बाकांवर बसतात. त्या वर्षी पितृपक्ष उलटल्यावर त्यांना जो राग आला तो निराळा होता. त्या रागात बाई हळू आवाजात बोलायला लागल्या, आणि अख्खा पारा, म्हणजे मोहल्ला, घाबरला.

झालं ते मोबाइलमुळे. म्हणजे परागमुळे, पण नाव मोबाइलचं.

खानावळ बाईंची जुनी. नवरा नरहर रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता, तेव्हापासून समोरच्या खोलीत त्या पंगत बसवतात. एके काळी दुपारी सरकारी कचेऱ्यांतली माणसं दारात उभी राहून जागेची वाट पाहायची. मग सचिवालय नव्या रायपुरात उठून गेलं आणि जाताना बाईंची दुपार सोबत घेऊन गेलं. तिकडे रुंद रस्ते झाले, इकडे बाक रिकामे झाले. नरहर गेला तेव्हा तर अशी पाळी आली की भाजी चिरताना बाई आज कोण कोण येईल याचा अंदाज बांधायच्या आणि तोही चुकायचा.

मुलगा पराग. तिशी ओलांडलेला, शहरातल्याच तेलीबांधा भागात एका ऑफिसात कॉम्प्युटरवर. मराठी सगळं समजतं, राग आलेलाही समजतो, पण उत्तर हिंदीत देतो. लग्नाचं अजून जुळत नाही. तो विषय वेगळा आहे आणि समोरच्या सुशीलाबाईंकडे सविस्तर मिळतो. एके दिवशी परागने आईला फोनमध्ये नकाशा दाखवला. दुकानाचं नाव दाबलं की फोटो निघतात, लोक ते पाहून कुठे जेवायचं ठरवतात. उमरेडकर भोजनालयाचं नाव दाबल्यावर सगळ्यात वर निघालं ते कोणा गिऱ्हाइकाने जेवण झाल्यावर टाकलेलं खरकटं ताट. वरणाचा ओघळ, चावलेली मिरची, आणि कडेला त्याचाच अंगठा.

"हे कोणी टाकलं?" बाईंनी विचारलं.

"कोई भी डाल सकता है, आई."

"माह्या दुकानाचं तोंड कोणीही उष्टं करू शकते?"

मग त्यांनी स्वतः फोटो निवडायला घेतले. त्यांची निवड अशी: घासून उन्हात वाळत घातलेली ताटं, पितळी पिंप, देव्हारा, आणि पुन्हा ताटं, दुसऱ्या बाजूने. पराग पाहत राहिला. "आई, बर्तन की दुकान लग रही है. खाना किधर है?"

"खाण्याचा काय फोटो काढायचा? खायला या म्हणा."

पराग हसला. बाई चिडल्या. "मंग तूच पाहून घे," म्हणाल्या आणि कणिक मळायला बसल्या. हे एक वाक्य त्यांना पुढे फार महागात पडलं.

दिवाळीच्या अलीकडे गिऱ्हाईक वाढायला लागलं. तेलीबांध्याकडची जोडपी, नव्या रायपूरकडून गाडी काढून येणारे बाबू. बाक भरले. बाईंनी मदतीला एक बाई ठेवली आणि तिच्यावर चिडायला सुरुवात केली, म्हणजे सगळं छान चाललं होतं. खटकत होतं ते एवढंच की नवी माणसं ताट समोर आलं की जरा उदास व्हायची. इकडेतिकडे पाहायची.

एका दुपारी असंच एक जोडपं आलं. बाईंनी वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी, कोशिंबीर असं वाढलं. त्यातली मुलगी नम्रपणे म्हणाली, "दीदी, हमको वो पत्ते वाली थाली चाहिए थी."

"कौन से पत्ते वाली?"

"फोटो वाली." तिने फोन पुढे केला. "इसमें तो खीर है, कढ़ी है, वड़े भी हैं. और ये कोने में क्या है, मुखवास?"

बाईंनी हात पदराला पुसले आणि फोन हातात घेतला.

केळीचं पान होतं. त्यावर तांदळाची खीर, कढी, उडदाचे वडे, गवारीची भाजी, कारलं, लाल भोपळा, आमसुलाची चटणी. भातावर काळे तीळ. पानाखाली त्यांच्याच गच्चीचा कठडा, पोपडा निघालेला. आणि कोपऱ्यात मुखवास नव्हता. रबर लावलेली खर्ऱ्याची पुडी होती.

ते नरहरचं पान होतं. तिथीला कावळ्यासाठी ठेवलेलं.

खर्ऱ्याचं जरा सांगायला हवं. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला तो नागपुरी खर्रा नरहरला लागायचाच. रायपुरात मिळेल तो त्याला चालत नसे, म्हणून गाड्यांवरची माणसं त्याच्यासाठी नागपूरहून पुड्या आणायची. बाईंनी आयुष्यभर त्यावरून भांडण केलं, पुड्या मोरीत फेकल्या, गादीखालून शोधून काढल्या. आणि तो गेल्यावर दर वर्षी त्याच बाई स्टेशनवर कोणाला तरी गाठून एक पुडी मागवतात, पदराखाली लपवून गच्चीवर नेतात आणि पानावर ठेवतात. हे पाऱ्यात कोणाला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण बोलत कोणी नव्हतं. आता ते तेलीबांध्याला माहीत होतं, नव्या रायपूरला माहीत होतं, आणि ही मुलगी त्याला मुखवास म्हणत होती.

"वो आज नहीं है," बाई म्हणाल्या. "जो है वो खा लो." हळू म्हणाल्या. मदतनीस बाईने पोळपाटावरून मान वर करून पाहिलं.

जोडपं गेल्यावर त्यांनी परागला ऑफिसात फोन लावला.

"पराग, पितराच्या पानाचा फोटो तुनं लावला का?"

पराग फोन घेऊन ऑफिसाच्या जिन्यात आला. "आई, वो आत्या को भेजने के लिए खींचा था. बाकी सब फोटो अंधेरे में थे. उसमें धूप मस्त थी."

आत्या म्हणजे नरहरची बहीण, नागपूरची. भावाचं पान वाढलं याचा तिला दर वर्षी पुरावा लागतो.

"धूप मस्त होती."

"लोगों को क्या पता आई, पत्ता है, खाना है."

"लोकांले नाही माहीत. तुले तर माहीत होतं ना? तुह्याच हातानं ठेवलं ना ते कठड्यावर? ठेवून मागं सरायचं असते रे. माणूस समोर उभा राहिला तर कावळा येत नाही. आणि तू तिथं वाकून फोटो काढून राहिला होता?"

"हटा देता हूँ. शाम तक हटा देता हूँ."

त्या दिवशी बाईंनी कोणालाही टाकलेल्या भातावरून बोल लावला नाही. श्यामराव म्हणून एक रिटायर गार्ड आहेत, त्यांचं रोजचं गिऱ्हाईक. त्यांनी मुद्दाम अर्धी पोळी टाकून पाहिली. बाई काही बोलल्या नाहीत. श्यामराव घाबरून ती पोळी परत उचलून खाऊन गेले.

राग नुसता परागवर असता तर निभावलं असतं. तो घरचाच, चार दिवस बोलून मोकळं होता येतं. पण बाई विळीवर बसल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की बाक भरले ते त्या पानाने. इतकी वर्षं त्या रोज पहाटे उठून जे रांधतात त्यासाठी तेलीबांध्याहून कोणी आलं नव्हतं. आणि ज्या माणसाने जिवंतपणी स्वतःचं ताटसुद्धा मोरीपर्यंत नेलं नाही, तो मेल्यावर गिऱ्हाईक आणत होता. त्याच्यावरही त्यांना राग आला. विळीवर भोपळा जरा जोरात दाबला गेला.

दोन-तीन दिवसांनी सुशीलाबाई विरजण मागायला आल्या. विरजण हे निमित्त. त्यांच्याकडे दही नसतं असा दिवस उगवायचाय.

"वहिनी, फोटो अजून आहेच की," त्या म्हणाल्या.

"कोणता?"

"भावजींच्या पानाचा. मी काय म्हणते, खर्रा दिसते हो त्यात. झाकायला पाहिजे होता."

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

सुशीलाबाईंनी वाटी या हातातून त्या हातात घेतली. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी ते शेजारच्या गोदूताईंना सांगितलं, गोदूताईंनी मराठी मंडळाच्या बायकांना, आणि हळदीकुंकवाला त्यावर चहापेक्षा जास्त चर्चा झाली. पाऱ्यातल्या प्रत्येक मराठी घराने ते पान मोठं करून पाहिलं होतं, वडे मोजले होते, कारलं फार तळलंय असं मतही दिलं होतं. फक्त विनोदिनीबाईंना सांगायचं राहून गेलं. आपल्याकडे हे असं राहून जातं खरं.

"घ्या विरजण," बाई म्हणाल्या. "अन् हळदीकुंकवाला यंदा माह्या घरी येऊ नका. मीच कावळ्यांना बोलावीन. ते निदान खाऊन उडून जातात."

सुशीलाबाई वाटी घेऊन गेल्या, विरजण न घेता.

परागने फोटो का काढून टाकला नव्हता हे त्याच दुपारी कळलं. भोजनालयाचा फोन वाजला. नव्या रायपुरातल्या कुठल्याशा कार्यालयातले एक साहूजी होते.

"दीदी, परसों की वो पत्ते वाली थाली पक्की है ना? आपके बेटे से बात हो गई है. हमारे साहब का विदाई-भोज है. फोटो पूरे ऑफिस में घुमा दिया है, सब राह देख रहे हैं."

बाईंनी गॅस बारीक केला.

"आपके साहब जिंदा हैं?"

"जी?"

"जिंदा हैं कि गए?"

"हव दीदी, जिंदा हैं. रिटायर हो रहे हैं."

"तो वो थाली उनको नहीं मिलेगी. उसके लिए मरना पड़ता है. वो मेरे आदमी की पत्तल है, पितर की, कौए के लिए रखी थी. साहब मर जाएँ तो उनकी बाई को बोलना, मैं खुद आके बना दूँगी."

बाकांवर बसलेल्यांचे घास हातात राहिले. श्यामरावांनी मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावला तो खाली ठेवायचं विसरले. साहूजींनी फोन कधी ठेवला ते कळलं नाही.

संध्याकाळी पराग आला तो चप्पल न काढता आत आला. साहूजींनी त्याला फोन करून काय म्हटलं असेल ते त्याच्या कानांच्या रंगावरून दिसत होतं.

"आई, पूरा ऑर्डर गया. उस ऑफिस से हर महीने काम मिलता. ऐसे कोई बोलता है?"

"चप्पल काढ."

"मैं किसके लिए कर रहा था? बेंच खाली पड़े थे तब तुम ही रोती थीं. अब भर गए तो..."

"चप्पल काढ आधी. अन् तू मले म्हटलं होतं संध्याकाळपर्यंत काढतो. खोटं काहून बोलला?"

 परागने चप्पल काढली, आणि जरा खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा को बुरा नहीं लगता. बाबा तो रास्ते से लोगों को पकड़-पकड़ के लाते थे खाने के लिए."

हे खरं होतं. नरहर कोणालाही धरून आणायचा आणि "विनोदिनी, आणखी एक" असं दारातूनच ओरडायचा. बाईंना त्याचाही राग यायचा.

"आणायचा. पण आपल्या ताटावर नव्हता बसवत कोणाले," त्या म्हणाल्या. "अख्ख्या वर्षात त्याचं एक पान असते, पराग. एक. तेही तुनं दुकानावर टांगलं. आण तो फोन."

"हटाया तो वही जूठी थाली ऊपर आ जाएगी."

"आण."

परागने फोनवर तो फोटो उघडून समोर धरला. बाईंनी पाहिलं. ऊन खरंच सुरेख पडलं होतं, कढीवर चमकत होतं. हेही त्यांना आवडलं नाही. कुठे दाबायचं ते त्याने दाखवलं, त्यांनी दाबलं. फोनने विचारलं, नक्की काढायचा का. "यालेही समजावून सांगायचं काय आता?" म्हणत त्यांनी इतक्या जोरात दाबलं की परागने फोन खालून धरला.

"अब लगाना क्या है?" त्याने विचारलं.

"इथं रोज माणसं जेवतात. ती दिसत नाहीत का तुले? रविवारी पंगत बसली की काढ."

रविवारी पंगत बसली आणि सगळ्यांना एकदम लाज आली. एकाने तिकडे मुंगेलीला, गावी राहणाऱ्या बायकोला सांगितलं होतं की रायपुरात आपलं खाणं अगदी कमी झालंय. त्याने तोंडासमोर पेला धरला. दुसरा म्हणाला, माझा उजवा गाल बरा येतो, इकडून घ्या. श्यामराव केस विंचरून आले होते आणि फोटोसाठी घास धरून इतका वेळ थांबले की वरण कोपरापर्यंत आलं. पराग बाकावर चढला, खाली उतरला, मागे सरकता सरकता नेमका भाताच्या पातेल्याच्या वाटेत आला.

"सरक तिकडं, भाजशील," बाई डाव रोखून म्हणाल्या, आणि त्याच वेळी बटण दाबलं गेलं.

परागने फोटो पाहिला. पंगत भरलेली, ताटांतून वाफा, आणि मधोमध बाई, तोंड उघडं, डाव थेट बघणाऱ्याकडे. "ये नहीं चलेगा. तुम गुस्से में हो. दूसरा लेता हूँ."

"दाखव." त्यांनी पाहिला. "हाच लाव."

"आई, लोग डर जाएँगे."

"जे घाबरतात त्यांनी घरी जेवावं. बाकीच्यांनी अन्न टाकायचं नाही एवढं समजून यावं."

"लगा दिया," पराग थोड्या वेळाने म्हणाला आणि ताट घेऊन बसला. बाईंनी भाताचा डाव उचलला, त्याच्या ताटावर आणला आणि तसाच धरून ठेवला. मग श्यामरावांकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा फोन द्या बरं जरा."

श्यामरावांनी वरणाचा हात पुसून फोन दिला. बाईंनी त्यांच्याकडूनच नकाशावर भोजनालयाचं नाव काढून घेतलं, पहिला फोटो पाहिला, मग दुसरा, तिसरा, अगदी खालपर्यंत. पान कुठे नव्हतं. तेव्हा कुठे त्यांनी परागला भात वाढला.