पुढच्या खेपेसाठी राखलेली थडगी

दुबईजवळ अजमानला आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांची वरात ठरलेल्या वाटेनं निघते. दुबईची उंच इमारत, मोठा मॉल, कारंजं, देरा भागातली सोन्याची पेठ. तिसऱ्या दिवशी पाहुणे खूश असतात आणि मी बेजार. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा मॉलमधल्या बाकावर टेकले आणि म्हणाले, "हे छानच आहे रे. पण इथलं असं काय आहे, ते दाखव की."

बाबांनी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत उभी हयात भूगोल शिकवला. फळ्यावर खडूनं शेकडो वेळा वाळवंट काढलं, पाहिलं मात्र एकदाही नव्हतं. मी तर या वाळवंटात अकरा वर्षं राहत होतो आणि ऑफिस, घर आणि शारजाचा ट्रॅफिक यांपलीकडे मलाही काही ठाऊक नव्हतं. हा देश मला बाबांनी दाखवला, गाडी फक्त मी चालवली.

पहिल्या खेपेला आम्ही म्लेहाला गेलो. समुद्रापासून इतक्या लांब, वाळूत उभ्या असलेल्या खडकात शिंपले रुतलेले. एके काळी तिथे समुद्र होता. बाबा गुडघ्यांवर बसून त्या शिंपल्यांवरून बोट फिरवत राहिले. "मी पोरांना हे सांगायचो," ते म्हणाले, "पण माझाच विश्वास नव्हता बसत."

इथल्या आमच्या मराठी घरांतून एक पद्धत पडून गेली आहे. आई-वडील व्हिजिट व्हिसावर येतात आणि मुदत संपली की जातात. निरोप जड होतो. म्हणून एक जागा मुद्दाम न दाखवता राखून ठेवायची. ती पाहायला त्यांना परत यावं लागतं. आमच्या घरात हे बायकोनं सुरू केलं आणि मी ते नको इतकं मनावर घेतलं. बाबांनी कितीही गळ घातली तरी मी बधायचो नाही. "ते पुढच्या खेपेचं," एवढं म्हणालो की खलास. त्यात मला मजाही यायची, खोटं कशाला बोलू. लहानपणी ज्यांच्याकडून परवानगी मागायचो, त्यांना आता मी अडवू शकत होतो.

त्या वर्षी राखून ठेवलं होतं मदामजवळचं वाळूनं भरलेलं गाव. दुसऱ्या खेपेला ते दाखवलं. लोक कधीच सोडून गेलेले, खोल्यांमध्ये खिडक्यांपर्यंत वाळू, भिंतींचा रंग मात्र अजून शाबूत. फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. बाबांनी पहिल्या घराच्या दारात चपला काढल्या. मी म्हणालो, "अहो बाबा, पाय भाजतील, इथे कुणी राहत नाही." ते म्हणाले, "घर आहे ना?" आणि अनवाणी आत गेले. मी बूट घालूनच गेलो आणि मग उगाच ओशाळलो.

तिसऱ्या खेपेला अल ऐन. खजुरांच्या बागेतून जुने पाट वाहतात, डोंगराकडून जमिनीखालून आणलेलं पाणी. कुणाच्या झाडांना किती वेळ पाणी, हे पूर्वी सावली मोजून ठरायचं, असं तिथल्या फलकावर लिहिलं होतं. बाबा एकदम खुलले. "म्हणजे आपली पाण्याची पाळीच की! इथेही भांडणं होत असणार." आई पाटात पाय सोडून बसली होती. तिथून गाडीनं अर्ध्या तासावर, जबल हफीतच्या पायथ्याशी, पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी आहेत. घुमटासारखी, बुटकी, ओसाड जमिनीवर ओळीनं. बाबांनी त्यांच्याबद्दल गावीच वाचलं होतं. मी गाडी अजमानच्या दिशेनं वळवली. "ते पुढच्या खेपेचं."

त्यांच्या परतीच्या दोन दिवस आधी, शनिवारी सकाळी मी उठलो तर बाबा हॉलमध्ये बूट घालून, टोपी घालून बसलेले. इथे येऊन शिकलेला एकच अरबी शब्द ते मोठ्या हौसेनं वापरायचे. "यल्ला," ते म्हणाले. "चल, ती थडगी बघून येऊ."

"बाबा, नियम म्हणजे नियम."

"या वेळेला नको राखूस काही."

मी हसलो. म्हणालो, मग परत कशाला याल तुम्ही? ते माझ्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले, वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. त्यांना फार वेळ लागला. मी चहा टाकायला गेलो.

चार महिन्यांनी ते गेले. मी पोहोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. तेराव्यानंतर आईनं सांगितलं की डॉक्टरांनी आजार अजमानला येण्याआधीच सांगितला होता. रिपोर्टची फाइल त्यांच्या बॅगेत, स्वेटरखाली होती. माझ्याच घरात महिनाभर होती. "तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती त्यांनी," आई म्हणाली. "कळलं असतं तर तू दवाखाने दाखवत बसला असतास."

दवाखाने नाही आणि थडगीही नाहीत. मी त्यांना काहीच दाखवलं नाही. माणसाला स्वतःची इतकी चीड येऊ शकते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

या हिवाळ्यात आई एकटी आली. मी रजा काढली आणि सपाटाच लावला. म्लेहा पुन्हा, उंटांचा बाजार, रास अल खैमाजवळचं मोती काढणाऱ्यांचं सोडून दिलेलं गाव, जिथे भिंतींत समुद्रातलं पोवळं आणि शिंपले चिणलेले आहेत. लिवाच्या वाळूच्या टेकड्या. तिचे पाय सुजले. बायको म्हणाली, "अहो, जरा दमानं घ्या. त्यांना घरी बसून दोन शब्द बोलायचेत तुमच्याशी." मी ऐकलं नाही. आता एकही जागा राखायची नाही, एवढंच डोक्यात.

थडग्यांकडेही नेलं. आई गाडीजवळ दगडावर बसली. मी एका थडग्याच्या बुटक्या दारातून रांगत आत गेलो. आत जेमतेम बसण्यापुरती जागा, गारवा आणि दगड. तिथे बसून मी ढसाढसा रडलो. बाहेरून आईनं विचारलं, "काय आहे रे आत?"

"काही नाही गं."

"मग चल. ऊन लागतंय मला."

काल सकाळी तिला विमानतळावर सोडलं. बॅगा देऊन झाल्या. ती आत जायच्या रांगेत लागली आणि मागे वळून म्हणाली, "पुढच्या खेपेला काय ठेवलंयस माझ्यासाठी?"

मी आठवून आठवून पाहिलं. एकही जागा उरली नव्हती. खोटं एखादं नाव ठोकून द्यावं, तर तेही सुचेना.

"सगळं दाखवलं ना तुला."

"हो की. दाखवलंस खरं." ती हसली. "म्हणजे आता मला बोलवायचं कारण नाही तुझ्याकडे."

थट्टाच केली तिनं. पण बोलताना तिचा हात माझ्या मनगटावर होता आणि तो ती काढत नव्हती. मागचे लोक पुढे सरका म्हणत होते.

"आई, जाऊ नकोस," मी म्हणालो.

तिच्या व्हिसाचे अजून दोन दिवस उरले होते, घरी बसून दोन शब्द बोलण्यापुरते.