कोन? काटकोन!

आमच्या भूमितीच्या सरांना 'ण' म्हणता येत नव्हता. मूळचे वळसंगचे, सोलापुरात उभी नोकरी झाली तरी जीभ काही गाव सोडायला तयार नव्हती. 'त्रिकोण' त्यांच्या तोंडून 'त्रिकोन' होऊनच बाहेर पडायचा, आणि 'कर्णा'ची तर पार दैना. आम्ही हसलो तरी ते रागवत नसत. "हसा की! काटकोनात 'न'च असतो, म्हनून तर ह्यो विषय घेतला," असं वर म्हणायचे.

वर्गाचं दार वाजलं की सर फळ्याकडे तोंड ठेवूनच विचारायचे, "कोन?" त्यांना म्हणायचं असायचं 'कोण', पण आम्ही सगळी पोरं एका सुरात ओरडायचो, "काटकोन!" एकदा दारात खुद्द मुख्याध्यापक होते, तरी आम्ही ओरडलोच. सर वळले, मुख्याध्यापकांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. ताठ उभारल्यात की." त्या दिवसापासून आमचे सरच काटकोन सर झाले. पुढे त्यांचं खरं नाव शाळेत फारसं कुणी घेतलं नाही.

माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर टॉवेल विणायचे. वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप तिथेच. म्हणून आयत शिकवताना सरांनी आम्हाला घरून टॉवेल आणायला लावले. समोरासमोरच्या बाजू मोजून झाल्यावर म्हणाले, "आता कर्न मोजा. दोन्ही सारखे आले तरच आयत." माझ्या टॉवेलचे काही केल्या सारखे येईनात. वडिलांचं काम तिरकं आलंय हे आता सगळ्या वर्गाला कळणार, म्हणून मी रडकुंडीला आले. सर माझ्या बाकाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "घरी सांगू नको, पोरी. अंग पुसनारा कर्न मोजत न्हाय." मला त्या दिवसापासून सर फार आवडायला लागले.

माझ्या पट्टीचं टोक मोडलेलं होतं. तक्रार केली, "सर, हिला शून्यच नाही." सर म्हणाले, "मग एकापासून लाव आनि शेवटी एक वजा कर. सुरवात मोडली म्हनून माप थांबत न्हाय." बाकीची भूमिती मी कधीच विसरले. पण लग्न मोडून माहेरी परत आले तेव्हा हे एवढं वाक्य धरून मी पुन्हा उभी राहिले. हे सरांना एकदा सांगायचं होतं, आणि ते राहूनच गेलं.

आता ती शाळा बंद पडलीय. वडील गेले, त्यांचा माग भंगारात गेला. सर वळसंगला मुलाकडे असतात आणि त्यांना विस्मरणाचा आजार झालाय, असं कळलं तशी मी तडक निघाले. दारातच त्यांची सून म्हणाली, "ताई, लई आशा धरू नका. आमच्या मालकांनाबी वळखत न्हाईत. पोटच्या पोराला 'तुमी कुटनं आलात' इचारत्यात." तरी मला वेडी आशा होतीच. माणसं विसरले असतील, पण ती आरोळी कशी विसरतील?

सर आतल्या खोलीत खाटेवर बसले होते, दाराकडे पाठ करून. मी दारावर टकटक केली.

"कोन?"

तोच आवाज, तोच 'न'. सारा वर्ग पाठीशी असल्यासारखी मी ओरडले, "काटकोन!"

सर वळले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्यांचे ओठ हलले.

"त्या नावाचं हितं कुनी ऱ्हात न्हाय, बाई," ते अगदी अदबीने म्हणाले. "दुसरीकडं बघा."