घरी द्यायचे सातशे

ओल्या चुन्याचा वास नाकात शिरला की आजही माझा संताप जागा होतो. किती निष्पाप गंध खरं तर! सणासुदीच्या आधीच्या लगबगीचा, कोऱ्या भिंतींचा, नव्या आरंभाचा. मुलुंडच्या त्या खोलीला नुकताच चुना दिला होता, खिडकीबाहेर शेवगा फुललेला होता आणि मालकीणबाई एकट्या मुलीला जागा द्यायला चक्क तयार होत्या. ऐंशीच्या दशकात एवढं जुळून येणं म्हणजे केवढं अप्रूप! भाडं दरमहा चारशे. महिनाअखेरपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं.

तेव्हा मी घाटकोपरला दादा-वहिनींकडे राहत होते आणि एका कचेरीत अकराशे रुपयांवर कारकुनी करत होते. आमच्याकडची रीत अशी, की पगाराचं पाकीट न फोडता देवापुढे ठेवायचं. आई होती तोवर त्या रीतीत मला एक सात्त्विक समाधान लाभे. आपल्या श्रमांचं फळ आधी परमेश्वराच्या चरणी, मग आपलं. आई गेली. पाकीट देवापुढेच ठेवलं जाई, पण उचलू लागला दादा. सातशे घराला, चारशे माझ्या हातात. त्यात माझं जेवणखाण होतंच, ते मी कुठे नाकारते? पण सातशेचं जेवण कोण जेवतं हो? आई गेल्यानंतरच्या आठ वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडू नये!

खोलीचं सांगितलं तेव्हा दादाने वर्तमानपत्रातून मानही वर केली नाही. "तुला नाही परवडणार गं," एवढंच म्हणाला, आणि तेही मायेने. त्या मायेचीच मला आज जास्त चीड येते.

मी वही घेऊन बसले. डिपॉझिट पोस्टातल्या शिलकीतून निघत होतं. घोडं अडत होतं ते दरमहाच्या खर्चापाशी. वर अकराशे लिहिले, त्याखाली सवयीने 'घरी द्यायचे सातशे', मग भाडं चारशे. खाली शून्य. मग पोटाला काय? मी नवी साडी खोडली, नाटक खोडलं, चार वाजताचा चहा खोडला. तीन दिवस स्वतःला अशी इंच इंच कापत राहिले, तरी जमेना. अखेर डोळ्यांत पाणी घेऊन ती वही जेवणाच्या सुट्टीत निर्मलापुढे टाकली. ती माझ्या शेजारच्या टेबलावरची, भांडुपची, तोंडाने फटकळ. तिने एक नजर टाकली नि खेकसलीच, "अगं ए, तू घर सोडून चाललीयस ना? मग हे सातशे कुणाला? वेडी आहेस का, यार?"

मी त्या ओळीकडे पाहतच राहिले. दिवसभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका हुडकणारी मी, आणि स्वतःच्या हिशेबातली एवढी ढळढळीत चूक मला दिसली नव्हती! आधी स्वतःचीच लाज वाटली, मग मस्तकात तिडीक गेली. मुलीच्या मनात कृतज्ञता इतकी खोल कोण रुजवतं, की घर सोडतानाही तिने त्या घराचा वाटा आधी काढून ठेवावा? मला टायफॉइड झाला तेव्हा दादा रात्र रात्र उशाशी बसला होता, हे मी विसरलेले नाही. पण त्या जागरणांची फेड किती वर्षं चालायची, हे कुणी कधी सांगितलं होतं का? आणि माझी वही न पाहताच परवडत नाही हे त्याला कसं कळलं होतं?

मालकीणबाईंना मी होकार कळवला. पहिल्या तारखेला पाकीट कचेरीतच फोडलं, मुलुंडला जाऊन भाडं आणि डिपॉझिट भरलं आणि मगच घरी आले. दादाला सांगितलं. वहिनी भाजी चिरता चिरता थांबली. मग तो म्हणाला, "अगं, मग आमचं कसं भागणार?"

म्हणजे परवडत नव्हतं ते मला नव्हे, त्याला! राग तर अनावर झाला होता, पण आवाज चढवला नाही. माझा पगार त्याला रुपयाआण्यानिशी ठाऊक होता. आठ वर्षांत पहिल्यांदाच मी त्याला विचारलं, "दादा, तुझा पगार किती रे?"

त्याने सांगितलं नाही. मला तो आजही ठाऊक नाही.