कॅनॉलच्या रस्त्यावर तिघं

आमचे हे फौजेतून निवृत्त होऊन फलटणला परतले, तरी पहाटे उठायची सवय सुटली नाही. उजाडायच्या आत कॅनॉलच्या कडेनं पुलापर्यंत फिरून यायचे. मला साखर निघाल्यापासून रोज म्हणायचे, "चल की. डॉक्टरनी सांगितलंय नव्हं?" गुडघ्याचं कारण सांगून मी कूस बदलायची. हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं.

मग समोरच्या घरात सांगलीच्या एक बाई राहायला आल्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर. वयानं माझ्याएवढ्याच, पण पाठ सरळ आणि चाल झपझप. आठवडाभरात दोघं एकत्र फिरायला लागले.

त्यात लपवाछपवी काही नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. हे परत यायचे ते हसतच. चहा पिताना "बाई म्हणत होत्या" सुरू व्हायचं. भात कमी खा, बाई म्हणत होत्या. हीच गोष्ट मी कितीदा सांगितली होती. घरात दिवसभर पेपरात तोंड घालून बसणारा माणूस कॅनॉलवर एवढं बोलतो तरी काय? गच्चीवर कपडे वाळत घालताना दोघं वळणावर दिसायचे, आणि हातातलं लुगडं मी पिळून पिळून कोरडंठक्क करायची.

एका पहाटे मी लेकीचे जुने बूट घालून दारात उभी राहिले.

"तू कुठं?" ह्यांनी विचारलं.

"फिरायला. का, चालत न्हाई?"

बाईंना खरंच आनंद झाला. "बरं झालं आलात, वहिनी." त्यांचा तो गोड आवाज मला टोचला. पुलापर्यंत जाईतो मला धाप लागली. ते दोघं पुढं, मी मागं. उसाला पाणी कधी सुटणार, असलंच काहीतरी बोलत होते, तरी मला एकेक शब्द ऐकायचा होता. शेवटी बाई थांबल्या. "बसा जरा, आम्ही थांबतो." तो 'आम्ही' माझ्या छातीत रुतला.

त्या दिवसापासून मी संध्याकाळीही एकटी, कुणाला न सांगता, गावामागच्या रस्त्यानं चालायला लागले. पाय भरून यायचे, पण बाईंची सरळ पाठ डोळ्यांपुढं आली की पावलं आपोआप उचलली जायची. पावसाळा सरेपर्यंत मी त्यांच्या बरोबरीनं चालू लागले. दोघांच्या मधून, मुद्दाम.

तपासणीत साखर उतरलेली निघाली. डॉक्टरांनी कौतुकानं विचारलं, "कसं जमवलंत?" खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. "कॅनॉलचा रस्ता लय चांगला हाय," एवढंच मी म्हणाले. शेजारी बसलेले हे माझ्याकडं बघत राहिले.

दिवाळीनंतर बाई शिरवळला मुलाकडं राहायला गेल्या. मला वाटलं होतं, सुटले. पण पहिल्या दिवशी दोघंच चालताना माझी नजर सारखी बाईंच्या रिकाम्या जागेकडं गेली. मग मीच विचारलं, "आवं, बाईंशी एवढं काय बोलत होता?"

"काय न्हाई. त्या इचारायच्या, मी सांगायचो. फौजेतलं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण फौजेतलं मी कधी विचारलंच नव्हतं. बाईंचा पुन्हा राग आला. म्हटलं, "मग सांगा की मला. पयल्यापासनं."

ते सांगू लागले. पूल मागं पडला तरी आम्ही वळलो नाही.