सुमनच्या शेजारची खोली

वैतरणेच्या खाडीवर गाडी आली आणि एवढं पाणी एका जागी मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आम्ही नगरची माणसं, मे महिन्यात आमच्या विहिरींचा तळ दिसतो. एरवी मी हरखून गेले असते. पण धाकट्या बहिणीचा, सुमनचा, नवरा खाणीतल्या अपघातात गेल्याची तार आली होती आणि तिला घरी आणायला मी निघाले होते. देवाची पाखर, देवाचा आसरा, हे आपण मंडळी दर रविवारी चर्चमध्ये म्हणतो. त्या गाडीत मात्र मला सारखं विचारावंसं वाटत होतं, बाबा रे, तेव्हा कुठे होती तुझी पाखर?

सफाळ्याला एक बाई ताडगोळे (ताडाच्या झाडाचं पाणीदार फळ) घेऊन खिडकीशी आली. "खा गो बाय, पोटाला थंड हाय," म्हणाली. मी घाईने बोट खुपसलं तर चिळकांडी थेट चष्म्यावर! ती खो-खो हसली. मलाही हसू फुटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. निघालेय कशाला आणि हसतेय काय!

पालघर मागे टाकून बोईसरला उतरले. बाहेर धूळ, ट्रक आणि हिंदीत हाका मारणारे मजूर. तारापूरला अणूपासून वीज करायचं काहीतरी अचाट बांधकाम चाललंय म्हणे, आणि त्या भागात खडीच्या खाणीही बऱ्याच निघाल्यात. टांगेवाला तिथलाच, म्हातारा. सुमनचं नाव घेताच त्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

"त्या किरिस्ताव बायकडं? तिचा नवरा फुकट मेला, बाय. दगडूची चूक हाय ती."

"कोण दगडू?"

त्याने सांगितलं ते असं. दुपारच्या सुट्टीत सगळे लांब जातात आणि खाणीत सुरुंग उडवतात. एकेका धडाक्याला बार म्हणतात. सुरुंगाची जितकी भोकं भरली तितके बार कानांनी मोजायचे, आकडा जुळला की शिट्टी वाजवायची, मगच माणसं आत जातात. मोजायचं काम साताऱ्याकडच्या दगडूचं. त्या दिवशी पलीकडच्या खाणीतला एक बार त्याने आपलाच समजून मोजला. शिट्टी झाली, आमचे प्रभाकरराव सगळ्यांच्या पुढे आत गेले आणि उडायचा राहिलेला बार त्यांच्या पायाशी उडाला.

"आणि तो दगडू?" मी विचारलं.

"आता तेच्याशी कोण बोलत नाय, पाणी देत नाय. बायको माहेरला गेली. मधी तर खाणीच्या कड्यावर जाऊन उभा ऱ्हायला होता. तुमच्या बहिणीच्या शेजारचीच खोली हाय तेची."

शेजारची! ज्याच्या शिट्टीने माझी बहीण विधवा झाली तो भिंतीपलीकडे राहतो? मी ठरवूनच टाकलं, मिळेल त्या गाडीने सुमनला घेऊन निघायचं. त्या मेल्याचं तोंडसुद्धा बघायचं नाही.

पत्र्याच्या खोल्यांची ओळ आली. सुमनच्या दाराला कडी होती, शेजारचं दार उघडं. आत डोकावले आणि उंबऱ्यावरच थिजले. दाढी वाढलेला एक माणूस भिंतीला टेकून बसला होता आणि माझी बहीण, पांढऱ्या लुगड्यात, त्याच्यासमोर तांदळाची भाकरी कुस्करत होती.

"सुमे! वेड लागलं का तुला?"

ती उठून माझ्या गळ्यात पडली. हमसून हमसून रडली. मला वाटलं, झालं, आता येईल माझ्याबरोबर. तर डोळे पुसून म्हणते कशी, "अक्का, जरा थांब. त्यानं अजून घास घेतलेला नाही."

"नको घेऊ दे! मरू दे त्याला!"

हे माझ्या तोंडातून निघालं. शाळेत मुलांना प्रार्थना शिकवणाऱ्या माझ्या!

दगडूने मान वर केली. "खरं बोलत्यात बाई. मला जगायचंच न्हाई."

तेवढ्यात लांबून सुरुंगाआधीचा भोंगा वाजला. ओळीतली सगळी बोलणी एकदम बंद पडली. दगडूने कान दाबून घेतले. पहिला बार उडाला, डोक्यावरचे पत्रे हादरले. सुमनने त्याचे हात कानांवरून खाली ओढले, घट्ट धरले आणि स्वतःच मोठ्याने मोजू लागली. "एक." मग, "दोन." तिचा आवाज फाटत होता. ज्या धडाक्याने तिचा नवरा नेला तो ही मुलगी एकेक करून मोजत होती! मी दाराची चौकट धरून उभी होते. शेवटी शिट्टी ऐकू आली.

"झाली शिट्टी," सुमन म्हणाली. "आता जेव."

दगडूने घास तोंडात घातला आणि पोरासारखा रडला.

बाहेर आल्यावर मी तिला खांद्याला धरून हलवलं. "अगं, तुला राग नाही येत?"

"येतो ना! रोज येतो. देवाला तर मी नाही नाही ते बोलले, अक्का, तुला ऐकवणार नाही. वाटलं, आता तो मला टाकणार. नाही टाकलं त्यानं. रात्री अंथरूण चाचपते, तिथं कोणी नसतं. रडत रडत पडून राहते, पण कोणीतरी मला घट्ट धरून ठेवलंय एवढं कळतं. याला धरणारं कोण आहे? कड्यावरून मीच ओढून आणलाय त्याला. त्याची बायको परत येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

मी रागावले, रडले, आईचं नाव काढलं. नाही म्हणजे नाही. संध्याकाळी ती मला तारापूरच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा, पलीकडे समुद्र. सुमन हात करून काय काय दाखवत होती, पण माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक उचलायला दगडूच आला. मी त्याला माफ केलं नव्हतं, सरळ सांगते. तरी ट्रंक त्याच्या हाती दिली. बोईसरला गाडी हलताना तो खिडकीशी आला.

"बहिणीस्नी न्हाई नेत?"

"नाही," मी म्हणाले. "ती इथं सुरक्षित आहे." बोलून गेले आणि माझी मीच चपापले, कारण ते खरं होतं, तिला कोणीतरी घट्ट धरून ठेवलं होतं.

नगरला आल्यावर रविवारी पाळकांनी विचारलं, कोणासाठी प्रार्थना करायची? मी उभी राहिले, सुमनचं नाव घेतलं. खाली बसणार तर जीभ थांबेना. म्हणाले, "आणि दगडूसाठी. त्याच्या चुकीनं आमचे प्रभाकरराव गेले." सगळं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं. पण मी बसले नाही. पाळकांनी त्याचं नाव घेईपर्यंत उभीच राहिले.